मेण लावलेलं चाक

पेन्सिल्व्हेनियाच्या घाटात आगगाडी आवरायची म्हणजे शेवटच्या डब्यावरचं ब्रेकचं चाक हातांनी आवळायचं. पकड बसावी म्हणून म्हातारा एझ्रा तळहातांवर तंबाखूची पिंक टाकायचा.

"शी! माणूस आहेस की डुक्कर?" नवे साहेब क्रॉल किंचाळले. त्यांनी चाक घासून, मेण लावून चकचकीत केलं. "उतर खाली. आज ब्रेक मी लावणार."

"लावा की, साहेब! ही तंबाखूची चघळलेली गोळी कठड्याला चिकटवून ठेवतो. लागली तर घ्या."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

उतारावर इंजिनाने ब्रेकसाठी शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या. चाक हातातून सटकत होतं, दरीचं वळण जवळ येत होतं, आणि भीतीने साहेबांच्या तोंडात थुंकीचा थेंब उरला नव्हता.



साहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि ती गोळी तोंडात टाकली.