पोच द्या

"बंद करून चालू कर," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "आमच्या घरचा पंखासुद्धा तसाच सुरू होतो."

"नाही." तिनं मशीनच्या बटणावर हात आडवा धरला. "बंद केलं तर हातातलं जाईल."

"कुणाच्या हातातलं?"

"माझ्या प्रोग्रामच्या."

डोंगरावरच्या हवामान चौकीत तिचे वडील एकटे होते. सकाळी नऊला पहिली दरड समोरच्या उतारानं खाली आली आणि कार्यालयाच्या कुंपणाची भिंत, विजेचा खांब घेऊन गेली. फोन तेव्हाच बंद पडला; मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं. दहाला वर दुसरी दरड कोसळल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अकरा चाळीसला माथ्यावरचा संपर्काचा मनोरा क्षणभर जागा झाला आणि चौकीच्या यंत्रात साठलेली एक ओळ पडद्यावर उमटली : 'नऊ पाच. दरड कोसळली. पोच द्या.' पोच जायच्या आत मनोरा पुन्हा गेला.

आता साडेतीन वाजले होते.

"ही ओळ नऊ पाचची," साहेब म्हणाले. "दुसरी दरड दहाची. दहानंतरची एक ओळ दाखव, बचावपथक या क्षणी सोडतो. नाहीतर पाच माणसं त्या डोंगरावर कशाच्या भरवशावर घालू?"

पथकाचा प्रमुख दारात बूट घालून उभा होता.

"मशीनच्या नोंदीत सात निरोप आलेत," ती म्हणाली. "पडद्यावर एकच. बाकीचे सहा अडकलेत, आणि ते माझ्यामुळे."

"मला समजेल असं सांग."

"सॉकेटवर, म्हणजे मशीनच्या दारात आलेले निरोप एकेक न उचलता गठ्ठ्यानं उचलावेत म्हणून मी एक सिस्टीम कॉल, म्हणजे मशीनमधली तयार सोय, वापरलाय. समजा, दारात कारकून बसवलाय. चौसष्ट निरोप जमले की आत आणायचे. नाही जमले, तर पाच सेकंदांनी असतील तेवढे आणायचे."

"ठीक आहे की मग."

"पण हा शहाणा घड्याळ बघतो कधी, तर नवा निरोप हातात पडला की. पहिला आला, यानं घड्याळ पाहिलं, वेळ कधीच उलटून गेलेली. आत आणून दिला आणि परत दारात जाऊन बसला. पुढचे सहा एका दमात आले, तेव्हा पाच सेकंद झाले नव्हते. नंतर कुणी आलंच नाही. तो बसलाय सहा कागद धरून."

"म्हणजे आमच्याच खात्यातला दिसतोय," साहेब म्हणाले. कुणी हसलं नाही, तसे ते गंभीर झाले. "तुला हे माहीत नव्हतं?"

"माहितीच्या पानावर खाली बारीक अक्षरात दिलंय. मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं." तिनं मान खाली घातली नाही. "आता एकच निरोप हवा, कसलाही. तो हातात पडला की हा घड्याळ बघेल."

"आणि तो आणणार कुठून? बाकीच्या चौक्या थंडीमुळे बंद आहेत."

ती उठून कोठीत गेली. चौकीचं निरोप पाठवायचं जुनं यंत्र फडताळाच्या तळाशी होतं. त्यातले सेल फुगून चिकटले होते. ते तिनं नखांनी खरवडून काढले. एक बोट फाटलं. साहेबांच्या बॅटरीतले दोन सेल निघाले. तिसऱ्यासाठी ती खुर्चीवर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.

"ताई, एक विचारू?" पथकप्रमुख म्हणाला. "समोरच्या उतारावर अजून दगड घरंगळताहेत. आम्ही मागच्या खिंडीतून जाणार, चार तास लागणार. तोवर बाबा चौकीत असतील ना?"

"ते वाचा." घड्याळाच्या रिकाम्या खिळ्याखाली एक पाटी होती. 'काहीही झाले तरी चौकी सोडू नये. सोडलेल्या माणसाला शोधता येत नाही.' "अक्षर बाबांचंच आहे. या नियमापायी त्यांनी एकाला कामावरून काढलंय."

"नियम सगळेच करतात."

"माझ्या लग्नाला बदली माणूस वेळेवर पोचला नाही. बाबा आले नाहीत. चौकीतून एक ओळ आली : सुखी राहा, पोच द्या." ती सेल बसवत राहिली. "ते चौकी सोडणार नाहीत. मी सांगते ना."

यंत्राचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तिनं वायर मशीनला जोडली. काय लिहावं हे क्षणभर तिला सुचेना. मग तिनं एवढंच लिहिलं : 'बाबा.'

पडदा हलला. ओळी एकाखाली एक उतरल्या.

साहेब चष्मा सावरत पुढे वाकले. "नऊ वीस. नऊ चाळीस. दहा दहा!" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "दुसरी दरड चौकीच्या बाजूनं गेली. मी ठीक आहे. पोच द्या." ते वळले. "अरे, उभे काय राहिलात? निघा!"

बूट जिन्यावरून धडधडत गेले. जीप सुरू झाली आणि मागच्या खिंडीच्या रस्त्याला लागली. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा सांगायला गेले.

तिनं फाटलेलं बोट तोंडात धरलं आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. अजून तीन ओळी राहिल्या होत्या. त्या ती सावकाश वाचू लागली.

'दहा वीस. खाली नुसती धूळ दिसते. पोच द्या.'

'दहा पस्तीस. कार्यालयाची भिंत दिसत नाही. पोच द्या.'

'दहा पन्नास. पोच नाही. माझी मुलगी खाली दबली आहे. चौकी सोडतो आहे. समोरच्याच उतारानं येतो.'