राजरत्नची तिसरी चढाई

मध्यरेषा ओलांडून राजरत्न ‘कबड्डी कबड्डी’ करत आत शिरला. ठाण्याच्या त्या हॉलमध्ये एका व्यावसायिक संघाची निवड चाचणी चालू होती. जागा एकच उरलेली. प्रत्येकाला चढाया तीन, त्यातल्या त्याच्या दोन फुकट गेल्या होत्या. पुढच्या महिन्यात त्याला एकोणतिसावं लागणार होतं, म्हणजे वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच चाचणी.

कल्याणच्या कॉलेजला त्याने सलग तीन वर्षं करंडक मिळवून दिला होता. त्या पुण्याईवर पुढची आठ वर्षं त्याने नारळ फोडले. टिटवाळा म्हणू नका, आंबिवली म्हणू नका, स्पर्धा कुठलीही असो, उद्घाटनाला राजरत्नदादाच. शाल, श्रीफळ आणि पाया पडायला पोरांची रांग. खेळायचं तेवढं राहून गेलं. “तू खेळाडू आहेस की प्रमुख पाहुणा?” असं बायकोने, मृणालने, एकदा विचारलं. ते फार झोंबलं, म्हणून तर तो इथे आला होता.

समोर कोपऱ्यात प्रीतम नावाचा विशीतला पोरगा दबा धरून होता. राजरत्नने हूल दिली, पाय पुढे टाकला. प्रीतम विजेसारखा वाकला आणि त्याने दोन्ही हातांनी राजरत्नचा घोटा धरला.

अशा वेळी पाय झटकून रेषेकडे झेपावायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. राजरत्नचा चेहरा मात्र एकदम मायाळू झाला.

“असू दे रे, असू दे,” तो म्हणाला आणि त्याने प्रीतमच्या डोक्यावर हात ठेवला.

शिट्टी वाजली. दम सुटला, चढाईपटू बाद. सगळा हॉल पोट धरधरून हसला. निवड समितीच्या कुंडलिक सरांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं. आठ वर्षांचे नमस्कार ऐन वेळी नडले होते. धरणीने पोटात घ्यावं असं राजरत्नला झालं. मान खाली घालून तो मध्यरेषेकडे परत निघाला.

हसला नव्हता फक्त प्रीतम. बिचारा धावत पुढे आला आणि त्याच्या वाटेत उभा राहिला.

“दादा, सॉरी हां. टिटवाळ्याला तुमच्याच हातून बक्षीस घेतलेलं मी,” असं म्हणत तो खरोखरच पाया पडायला वाकला.

त्याची बोटं पावलाला लागायच्या आत राजरत्न हवेत होता. उभ्या जागेवरून तो उसळला, प्रीतमच्या पाठीवरून साफ पलीकडे गेला आणि ‘कबड्डी कबड्डी’ करत मध्यरेषेपार जाऊन आडवा झाला.

कुंडलिक सर खुर्चीतून उठले.

“थांबा, ह्याचंच नाव लिहा,” ते म्हणाले. “आत्ता कुठे खेळायला लागलाय हा!”