आलोच

शशिकांत फॅक्टरीतून घरी आला तेव्हा दारात अँब्युलन्स उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. पुरुषोत्तम पायरीवर डोकं धरून बसला होता. "शशी, मी पोचलो तेव्हा वहिनी गेल्या होत्या रे," एवढंच तो म्हणाला.

दुपारी त्याच्या बायकोच्या, यमुनाच्या, छातीत कळ आली. शिफ्टवर शशिकांतचा मोबाइल लॉकरमध्ये असायचा, म्हणून तिने पुरुषोत्तमला फोन केला. तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, गाडी बाळगून होता आणि इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आल्या दिवसापासूनचा मित्र होता. त्याने उचलला नाही. अँब्युलन्स बोलावू का, असा निरोप तिने ठेवला. त्याने उलट केलेला फोन, ती उठून पोचेपर्यंत, घरच्या आन्सरिंग मशीनने घेतला आणि निरोप टेप झाला.

"वहिनी, अँब्युलन्स कशाला? उगाच घाबरू नका. मी आलोच."

टेपवर त्याच्या आवाजामागे घंटा वाजत होत्या. मी देवळात होतो, दुपारच्या आरतीला, असं पुरुषोत्तम येईल त्याला सांगत होता. तिथून निघालो तर रिंगरोडवर सगळं जॅम. सांगताना तो रडत होता. शशिकांतला रडू आलं नाही. यमुनाने निरोप ऐकला असणार, कारण ती कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन, दाराजवळच्या खुर्चीत बसलेली सापडली होती.

दहाव्याचं विचारायला शशिकांत देवळात गेला तो फॅक्टरीतून परस्पर, भर दुपारी. गुरुजींनी रोजच्यासारखं चारला येऊन कुलूप काढलं, तोवर तो पायरीवर बसून होता.

दहावा घरामागच्या गार्डनमध्ये केला. पिंड गवतावर ठेवला. कावळा शेडच्या छपरावर आला आणि तिथेच बसून राहिला. मुलगी मंजिरी म्हणाली, आई, मी बाबांना सांभाळीन. कावळा हलेना. गुरुजी शशिकांतला म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल तर बोला.

"तुला ब्लॅकपूलचे समुद्रकाठचे दिवे बघायचे होते," शशिकांत मोठ्याने म्हणाला. "दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणायचो. आता मी जाऊन येतो."

मग हात जोडून तो ओठांतल्या ओठांत आणखी काहीतरी पुटपुटला. कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"बघ, वहिनींचा जीव ब्लॅकपूलमध्ये अडकला होता," पुरुषोत्तम डोळे पुसत म्हणाला. "मी नेतो तुला. माझ्या गाडीने."

सप्टेंबरच्या शेवटी ते निघाले. मंजिरीला यायचं होतं. शशिकांत म्हणाला, आम्ही दोघंच जातो. तिने पुरी-भाजी आणि चहाचा फ्लास्क बरोबर दिला. एम-सिक्स हायवेवर पुरुषोत्तम एकटाच बोलत होता. ब्लॅकपूलला म्हणे केवढा तरी मोठा कॅसिनो होणार होता, थेट अमेरिकेसारखा. शशिकांत हूं हूं करत होता. यमुनाची पर्स त्याने मांडीवर घेतली होती.

शहर लांबूनच दिसलं. आधी टॉवर, मग चाकं, झोपाळे, रंगवलेल्या घोडागाड्या. फुटपाथवर गुलाबी पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका हसत चालल्या होत्या. ते वाळूवर उतरले. लाट आली तसा पुरुषोत्तम मागे सरला.

"तुला अजून पोहता येत नाही ना?" शशिकांतने विचारलं.

"पूजेच्या तांब्यात असतं तेवढं पाणी मला पुरे," पुरुषोत्तम म्हणाला आणि स्वतःच हसला.

दिवे लागायला अवकाश होता, म्हणून पुरुषोत्तमने त्याला एका कॅसिनोत नेलं. नुसतं बघू म्हणाला, मी तरी कुठे पाहिलंय. आत लाल गालिचा, छताला झुंबरं आणि सोनेरी रंग दिलेले सिंह होते. खिडकी एकही नव्हती. पुरुषोत्तम एका मशीनसमोर बसला. त्याची बोटं न बघता बरोबर बटणांवर पडत होती.

पलीकडे कुणाला तरी जॅकपॉट लागला आणि घंटा वाजू लागल्या, आरतीला वाजतात तशा. शशिकांतने मान वळवली नाही.

"चल, दिवे लागतील," तो म्हणाला.

"आलोच," पुरुषोत्तम पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

शशिकांत त्याच्या पाठीमागे उभा राहिला. पुरुषोत्तमच्या खिशातलं संपेपर्यंत त्याला उभं राहावं लागलं.

बाहेर आले तेव्हा अंधारत होतं. शशिकांत म्हणाला, समुद्रात गेलेल्या त्या लाकडी धक्क्याच्या टोकावरून सगळे दिवे एकदम दिसतील. वारा सुटला होता. लोक उलट्या बाजूला, रस्त्याकडे चालले होते. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसत होतं, भरतीचं, काळं. पुरुषोत्तम फळ्यांवर जपून पावलं टाकत होता आणि एवढं चाललो, घर आलं का रे म्हणून मस्करी करत होता. टोकाला पोचले तेव्हा तिथे कुणीच नव्हतं.

किनाऱ्यावर एकदम दिवे लागले. लाल, हिरवे, पिवळे, मैलभर. शशिकांतने पर्स उघडून किनाऱ्याकडे धरली, आतल्या माणसाला दाखवावं तशी. पुरुषोत्तमला गहिवरून आलं. नव्या फोनवर त्याने दोन फोटो काढले. मग पाण्यातली दिव्यांची रांग फोटोत धरायला तो टोकाच्या बुटक्या कठड्यावरून वाकला.

"वहिनींची इच्छा पुरी झाली, शशी. एवढा एक काढतो, मग जाऊ. येतोयस ना?"

"आलोच," शशिकांत म्हणाला. त्याने पर्स बंद केली आणि खाली फळीवर नीट ठेवली.

दहाव्याला त्याने ब्लॅकपूलचं नाव घेतलं तेव्हा कावळ्याने मानसुद्धा हलवली नव्हती. तो उतरला होता ओठांतल्या ओठांत दिलेल्या दुसऱ्या वचनावर. दिवे बघून झाले होते. पुरुषोत्तमचं तेवढं राहिलं होतं.