ताशी चौऱ्याण्णव

"गुन्हा मला कबूल आहे," मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाकडे वळल्या. "यांचं मनावर घेऊ नका. हे निर्दोष आहेत."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. वाहतूक खात्याच्या या खिडकीत त्याची बारा वर्षं गेली होती. नवरा हुज्जत घालतो आणि बायको 'भरा आणि चला' म्हणते, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. आज सगळं उलटं चाललं होतं.

मास्तर शिंपी होते आणि बाई शाळेत गणित शिकवायच्या. म्हणजे त्या घरात शिकवायचं काम बाईंकडे होतं आणि मास्तर नुसते म्हणायला मास्तर. तीन आठवड्यांपूर्वी ते आपल्या गाडीनं या परक्या गावात एका हॉटेलचे पडदे पोचवायला आले होते. काल घरी नोटीस येऊन पडली : साठची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तुमची गाडी ताशी चौऱ्याण्णव किलोमीटरनं गेली.

घरात भांडण झालं ते दंडावरून नव्हे, गाडीवरून.

गाडी मास्तरांनी लग्नाच्या आधी घेतलेली. सपाट रस्त्यावर सायकलवाले तिला मागे टाकून जात आणि जाताना चौकशी करत. वळायचा दिवा कधीच गेला होता, त्यामुळे वळताना मास्तर खिडकीतून हात बाहेर काढत. वळण पूर्ण होईपर्यंत हाताला मुंग्या येत. शेवटी बाईंनी भंगारवाल्याला शनिवारचा वार दिला. मास्तरांनी दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे की जास्त हेसुद्धा सांगितलं नाही, तेव्हा बाईंनी एक सवलत दिली.

"शनिवारच्या आत ती एकदा तरी पन्नासच्या वर गेली, असं कुणी मला लिहून दिलं, तर मी भंगारवाल्याचं नाव काढणार नाही. वर रोज तिच्यातून शाळेत जाईन."

नोटीस आली गुरुवारी. सही-शिक्क्यासकट.

आज शुक्रवार. गाडी चौऱ्याण्णवनं पळून दमली आहे, तिला विश्रांती हवी, असं मास्तरांचं म्हणणं पडलं, म्हणून दोघं बसनं आली होती.

"हे बघा," बाई कारकुनाला म्हणाल्या, "मी एकदा या गाडीच्या वेगावर गणित घातलं होतं. उत्तर पाहून मुलं म्हणाली, बाई, गाडीच्या जागी बैल टाका, गणित बरोबर येईल."

"ताई, यंत्र चुकत नाही."

"यंत्राला आमची गाडी माहीत नाही."

"अगं, त्या दिवशी मी संध्याकाळच्या चहाला घरी पोचलो होतो की नाही?" मास्तर म्हणाले. "आणि पेट्रोलसुद्धा किती कमी लागलं."

हाच तर सगळा घोळ होता. या गावाहून निघालेले मास्तर एरवी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उगवत.

"साहेब, पावती फाडा," मास्तर म्हणाले. "वेगानं चालवली, चूक झाली. यापुढे जपून चालवीन."

कारकुनानं नोटीस डोळ्यांजवळ नेली. तिच्यावर तिकिटाएवढा फोटो होता. त्यात फक्त नंबराची पाटी आणि तिच्याभोवतीचा बंपर दिसत होता.

"हे काय आहे? दोऱ्यासारखं?"

"टाके," मास्तर अभिमानानं म्हणाले. "पुढचा बंपर उसवला होता. मीच घातलेत."

"पुढचा?" कारकून थांबला. "पण आमचा कॅमेरा गाडी पुढे गेल्यावर मागून फोटो काढतो. थांबा, मोठा फोटो बघू."

"मोठा कशाला?" मास्तर म्हणाले. मग त्यांना अचानक तहान लागली आणि ते व्हरांड्यात पाणी प्यायला गेले.

कारकुनानं संगणकाची बटणं दाबली. फोटो आला. त्यानं पडदा बाईंकडे वळवला.

बाईंनी पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

"ताई, हा दंड तुम्हाला लागतच नाही," कारकून कसाबसा म्हणाला. त्याचे खांदे हलत होते. "लगेच रद्द करतो."

"थांबा. गाडी कुणाची?"

"तुमचीच."

"वेग?"

"चौऱ्याण्णव. पण ताई..."

"विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं. मी मुलांना हेच सांगते. पावती फाडा. आणि या फोटोची एक प्रत मला द्या."

बाहेर मास्तर चौथा पेला पाणी पीत होते. बाईंनी त्यांच्यासमोरच भंगारवाल्याला फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं.

"हरले मी," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून शाळेत सोडा मला. पहाटे निघावं लागेल."

मास्तरांना ठसका लागला.

परतीच्या बसमध्ये ते पावती वरच्या खिशात ठेवून, खिशाचं बटण लावून गाढ झोपले. बाईंनी हळूच पिशवीतून फोटो काढला. घरात भिंतीवर दोघांचा लग्नातला फोटो होता. त्यात मास्तर दात काढून घ्यायला आल्यासारखे बसले होते.

या फोटोत बंद पडलेल्या गाड्या वाहून नेणारा एक ट्रक भरधाव चालला होता. त्याच्या पाठीवर साखळ्यांनी बांधलेली, तोंड मागे केलेली त्यांची गाडी होती. आणि गाडीत पट्टा बांधून, डावा हात स्टिअरिंगवर ठेवून, तोंडभर हसत मास्तर बसले होते. उजवा हात खिडकीबाहेर काढून ते वळायची खूण करत होते.