वेगळं खोपट

सतराव्या शतकात, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, तंबाखूच्या मळ्यावरचे वेठीचे गडी आयरिश कॉर्मक आणि अंगोलाचा मातेऊस सहा वर्षं एकाच पातेल्यातली मक्याची लापशी जेवले, थंडीत एकाच घोंगडीत निजले. डुक्कर चोरलं तेव्हा फटकेसुद्धा दोघांनी एकाच खांबाला बांधून घेऊन खाल्ले.

मग शेजारच्या मळ्यावर आयरिश आणि आफ्रिकी गड्यांनी मिळून बंड केलं. ते मोडल्यावर मालकाने कॉर्मकला बोलावून त्याच्या हातात चाबूक दिला.

"उद्यापासून या काळ्यांवर तू मुकादम."

"पण मालक, कालपर्यंत मलाही तुम्ही कुत्राच म्हणत होता."

"आजपासून तू गोरा."

सकाळी कॉर्मक चाबूक घेऊन बांधावर उभा राहिला, तसा मातेऊस फिस्कन हसला.

"या, गोरेसाहेब! जरा हात दाखवा बघू."

तंबाखूच्या चिकाने दोघांचेही हात सारखेच काळेकुट्ट झाले होते. सगळे गडी खदखदून हसले. कॉर्मकने मातेऊसच्या पाठीवर चाबूक ओढला, आणि शेवटचं हसू थांबेपर्यंत ओढतच राहिला.

"थू तुझ्या जिनगानीवर!" मातेऊस त्याच्या पायाशी थुंकला.

संध्याकाळी नेहमीसारखं पातेलं मधे आलं. समोर पाठ फिरवून बसलेल्या मातेऊसची ती सोललेली पाठ. कॉर्मकने उचललेला घास परत पातेल्यात टाकला. तो ताडकन उठला आणि थेट मालकाच्या दारात गेला.

"मला वेगळं खोपट द्या, मालक."

"का रे? काय झालं?"

कॉर्मकने खाली मान घातली. मग त्याला कारण सुचलं.

"या काळ्यांच्या अंगाला घाण वास मारतो."