आतली जागा

ती डबा घेऊन कारखान्यात आली तेव्हा वडील शर्यतीच्या गाडीतल्या, चालक बसतो त्या कार्बनच्या सांगाड्यावर वीतवीत अंतरानं नाणं वाजवत होते. आवाज बद्द आला, की आतले थर सुटलेत असं समजायचं.

"बाबा, चार घास खाऊन घ्या आधी. नाणं झिजलं, आता कान झिजतील."

"थांब गं जरा. बाकीची गाडी आपटल्यावर मोडण्यासाठीच बांधतात, धक्का तिनं खायचा. एवढा सांगाडा तेवढा शाबूत राहायला हवा. आत कुणाचं तरी लेकरू बसणार आहे."

डबा बाकावर ठेवून, "सावकाश होऊ द्या," म्हणत ती निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे वडील झोपेतच गेले.

महिन्याभरानं त्या गाडीचा चालक दारात उभा राहिला. शर्यतीत गाडी भिंतीवर आदळून तिचे तुकडे तुकडे झाले होते आणि याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता.

"त्यांची माझी कधी भेटच झाली नाही," तो म्हणाला. "आभार मानायचे होते. सगळी गाडी मोडली, ताई, आणि मी आपला चालत बाहेर आलो."

तिनं त्याला वडिलांच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. वडिलांसमोर जे कधी ओठांवर आलं नाही, ते ती या परक्या माणसाला म्हणाली,

"लहान होते तेव्हापासून, तिथं आत बसणाऱ्या प्रत्येकाचा मला हेवा वाटत आलाय."