गरिबीची तपासणी

जिपारला मार्क भरपूर पडले होते, आता फक्त गरिबी सिद्ध करायची राहिली होती. त्यासाठी राजधानी बिश्केकहून विद्यापीठाचे साहेब नारिन शहराजवळच्या तिच्या गावात घरोघर फिरणार होते. आणि अख्ख्या गावात शिष्यवृत्ती मिळणार होती एकालाच.

"आई, नुसता चहा-पाव ठेव हं. आपण गरीब आहोत, विसरू नकोस!"

"गरीब असलो म्हणून पाहुणे उपाशी धाडू? लोक तोंडात शेण घालतील!" असं म्हणत शिवणकामावर घर चालवणारी उमसुनाय तरातरा शेजारी गेली, घोड्यांचा व्यापार करणाऱ्या ओरोझबेककडे.

ओरोझबेक म्हणजे देवमाणूस! "लाजता काय वहिनी? गालिचे न्या, चहाचा पितळी समोवार न्या, घोड्याचं मटण तर सगळंच न्या. अहो, हा मोठा टीव्हीपण न्या, तुमची भिंत ओकीबोकी दिसते!" सामान त्यानं स्वतः उचलून आणून दिलं.

साहेब लोक बोटं चाटत जेवले. निघताना मोठ्या साहेबांनी ढेकर दिला. "पोरगी हुशार आहे हो, पण गरज काही दिसत नाही."

जिपारनं कपाळावर हात मारला. आईचा चेहरा मात्र फुलला. "ऐकलंस? आपल्याकडे बघून गरज दिसत नाही म्हणाले!"



तिथून साहेब शेजारी ओरोझबेकच्या मुलाची गरज तपासायला गेले, आणि उघड्या फरशीवर बसून कोरा चहा पिताना त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.